एका बाजूचा कापूस

"उद्या गवाह कोण कोण हाय?" खैरूननं विचारलं.

मी गादीत कापूस भरत होतो. तोंडाला फडकं, डोक्यावर, भुवयांवर कापसाची लव. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती आणि कप खाली ठेवत नव्हती. मी म्हटलं, मी आणि चुलत्याचा सिकंदर, आणि वकील म्हणून मामू.

आमच्यात निकाहाच्या आधी मुलीची परवानगी घ्यायला तिघं जण बायकांच्या खोलीत जातात. एक वकील आणि दोन गवाह. वकील विचारतो, मुलगी सांगते, गवाह ऐकतात. मग तिघं मांडवात येऊन काझीसाहेबांना सांगतात की मुलीची परवानगी आहे. मुलगी स्वतः मांडवात येत नाही. तिचा शब्द तेवढा हे तिघं नेतात. हे काम घरच्या माणसांकडेच असतं आणि त्यात फार विचार करण्यासारखं काही आहे, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

"मग ऐक," खैरून म्हणाली. "मी नाही म्हणणार हाय. गप्प बसणार नाही, रडणार नाही. तोंडानं नाही म्हणणार. तू फक्त ऐकलंस ते बाहेर सांगायचं."

मी फडकं खाली ओढलं. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होती, वीस वर्षांची. लहानपणापासून माझी थट्टा करायची, मी कापूस झटकत घरात शिरलो की "आला बघा म्हातारा" म्हणायची. त्या दिवशी थट्टेचं नाव नव्हतं. आदल्या महिन्यात तिनं अम्माला सांगून पाहिलं होतं, अब्बांनाही सांगून पाहिलं होतं. अब्बांनी एवढंच म्हटलं होतं की मी चार माणसांत जबान दिलीय. आमच्या घरात या वाक्यानंतर बोलणं संपायचं.

मुलगा विट्याचा, नियाज नाव. टायरचं दुकान, दिसायला नीटनेटका, व्यसन नाही. बघायला आले तेव्हा मलाही तो बरा वाटला होता. मी खैरूनला तेच म्हणालो.

"त्याची आई बघितलीस का?" ती म्हणाली. "चहा पिताना तिच्या हातातनं बशीत चहा सांडला. त्यानं नुसतं बघितलं तिच्याकडं. बोलला काही नाही. तिनं बशी खाली ठेवली आणि परत उचललीच नाही. भाई, ती त्याला भितीय. सख्ख्या आईला ज्याची भीती वाटतीय, त्याच्या घरी मी काय करू?"

मला तो सांडलेला चहा आठवतच नव्हता. आम्ही पुरुषमाणसं तेव्हा टायरच्या भावाविषयी बोलत होतो.

विषय बदलायचा म्हणून मी गादी दाखवली. दुहेरी गादी होती, तिच्या रुखवताची. बहिणीच्या पलंगाची गादी भरताना भावाला अवघडल्यासारखं होतं, पण दुसऱ्या कुणाच्या हातची गादी तिला द्यायची हे मला पटत नव्हतं. एका बाजूला मी मुद्दाम पहिल्या वेचणीचा कापूस घातला होता, पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, आणि त्या बाजूचे टाके हिरव्या दोऱ्यानं घालणार होतो. मी म्हटलं, "हिरव्या दोऱ्याची बाजू तुझी. ध्यानात ठेव."

"मी त्या गादीवर झोपणार नाही," ती म्हणाली आणि कप खाली ठेवून निघाली. दारात वळून तिनं विचारलं, "सांगशील ना?"

मी म्हणालो, "सांगेन."

दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर मी काझीसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला वाताचा त्रास होता, बोटं वाकडी झाली होती. काझीसाहेब ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. मशिदीत शुक्रवारचा खुतबा देणारा माणूस घरात भाकरी थापतो, धुणं धुतो, म्हणून गावातले लोक त्यांना मागून बाईलवेडा म्हणायचे. अब्बाही म्हणायचे. मीही हसलो होतो कधीकधी.

मी उगाच सगळ्यांविषयी विचारतोय असं दाखवत विचारलं, मुलीनं वकिलाला नाही म्हटलं तर काय होतं?

"निकाह होत नाही," ते तांदळातून नजर न काढता म्हणाले.

"बापानं जबान दिली असेल तर?"

"बापानं जे दिलं ते त्याचं नव्हतंच. दुसऱ्याची वस्तू कुणी देऊन टाकतं का? रसूलल्लाहकडं एक बाई आली होती, बापानं मर्जीविरुद्ध लग्न लावलं म्हणून. त्यांनी तो निकाह मोडला. मुलीचा शब्द म्हणजे निकाह, दस्तगीर. बाकीचं सगळं जेवणखाण."

"आणि ती गप्प बसली तर?"

"गप्प बसण्यात फरक असतो. लाजून गप्प निराळी, भिऊन गप्प निराळी. घरच्या माणसाला कळतं की. म्हणून तर घरची माणसं पाठवतात." त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "मी दोन्ही गवाहांना वेगवेगळं विचारतो. दोघांतला एक जरी नाही म्हणाला, तरी मी वही मिटतो. मग कुणाचा बाप आला तरी उघडत नाही."

मी कुणाविषयी विचारतोय हे त्यांनी विचारलं नाही. मी उठलो तेव्हा ते सुपाकडे बघून म्हणाले, "हे तांदूळ निवडताना बघून तुला हसायला येतं, मला ठाऊक आहे. अरे, नबी आपलं फाटकं आपण शिवायचे. आपण काय त्यांच्यापेक्षा मोठे झालो? तुझा अब्बा वाईट माणूस नाही. त्याला लोकांची भीती वाटते आणि त्या भीतीलाच तो मर्दपणा म्हणतो. तू तसं करू नको."

मी हलक्या मनानं घरी आलो. मला वाटलं, सोपं आहे. मला काही करायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. एक शब्द इथून उचलून तिथं ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजानंतर मांडव भरला. चारशेच्या वर माणूस असेल. नियाज सेहरा बांधून गादीवर बसला होता, शेजारी त्याचे वडील. बाजूच्या लिंबावर कर्णा बांधला होता, सकाळपासून त्याच्यावर नबींच्या स्तुतीच्या नात लागल्या होत्या. मामूंनी मला आणि सिकंदरला खूण केली आणि आम्ही तिघं परसदाराच्या खोलीकडे निघालो.

खोलीत बायकांची गर्दी, अत्तर आणि मोगऱ्याचा वास. खैरून मधोमध बसलेली, चेहऱ्यावर लाल ओढणी. अम्मा तिच्या मागे अगदी चिकटून बसली होती. मामूंनी घसा खाकरून नियाजचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मेहरची रक्कम, सगळं घाईघाईत म्हटलं आणि विचारलं, कबूल आहे का?

तीनदा विचारायचा रिवाज आहे. मामूंनी पुन्हा विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण खोलीतल्या शेवटच्या बाईपर्यंत तो गेला, कारण सगळ्यांची कुजबुज एकदम थांबली. कुणाची तरी बांगडी वाजली तेवढीच. मग अम्मानं खैरूनच्या डोक्यावर हात ठेवला. माया करतेय असं वाटावं असाच हात होता. मामूंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि अम्माचा हात खाली दाबला गेला. ओढणीतली मान वाकली.

"मान हलवली," मामू म्हणाले. "पोरगी लाजतीय. चला."

सिकंदर आपल्या पायांकडे बघत होता. मी अम्माकडे पाहिलं. अम्मानं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी पढत होती. खैरूननं ओढणी दोन बोटांनी वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. काल दारात विचारलं होतं तेच तिच्या डोळ्यांत होतं. मी मान डोलावली. मी खरंच डोलावली, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

खोलीपासून मांडव चाळीस पावलं. मी नंतर मोजलीत, पुष्कळदा. मधे न्हाणीपाशी अब्बा उभे होते. मामूंनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मला वाटलं आता ते दम देतील, आणि दम दिला असता तर बरं झालं असतं, मी चिडलो तरी असतो. त्यांनी माझी टोपी सरळ केली.

"दस्तगीर," ते म्हणाले, "चार माणसांत माझी मान ताठ ठेव."

मांडवात काझीसाहेब वही उघडून बसले होते. समोर माईक. मामू म्हणाले, मुलीनं परवानगी दिली. काझीसाहेबांनी सिकंदरकडे पाहिलं. सिकंदर म्हणाला, "जी." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"दस्तगीर, तू तुझ्या कानानं काय ऐकलंस?"

असं कुणी विचारत नाही. परवानगी आहे ना, एवढंच विचारतात. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी नियाजच्या वडिलांकडे पाहिलं, गावच्या पाटलांकडे पाहिलं, कापूस घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांकडे पाहिलं. माझ्याच वयाची पोरं मागे उभी होती. मला दिसलं की मी 'नाही' म्हटल्यावर ही सगळी तोंडं माझ्याकडे वळणार आणि उद्यापासून पिंजाऱ्याचा पोरगा बहिणीच्या ओंजळीनं पाणी पितो असं गावभर होणार. लिहायला बसलो की हे कारण इतकं क्षुल्लक दिसतं की मला वाटतं आणखी काहीतरी असेल. पण नव्हतं. मी पुष्कळ शोधलंय.

"जी," मी म्हणालो. "कबूल आहे म्हणाली."

काझीसाहेबांनी पेन उचललं नाही. "परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

त्यांनी लिहिलं. वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. खारका वाटल्या गेल्या, माणसं उठून गळाभेट घ्यायला लागली. अब्बांनी मला छातीशी धरलं आणि म्हणाले, मर्द आहेस. त्याआधी आयुष्यात कधी त्यांनी मला असं म्हटलं नव्हतं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं.

पाठवणीच्या वेळी खैरून रडली नाही. बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, ती ताठ उभी होती. गादी जीपच्या टपावर बांधली होती. भाऊ म्हणून तिचा हात धरून गाडीत बसवायचं माझ्याकडे होतं. मी हात धरला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माफी असेल किंवा दुसरं काही, मला माहीत नाही.

"मला ऐकू आलं," ती म्हणाली. "कर्णा चालू होता."

मग गाडीत बसून तिनं ओढणी खाली ओढून घेतली.

त्यानंतर ती माहेरी आली, पण पाहुणी आल्यासारखी. ईदला यायची, संध्याकाळी परतायची. कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणायची. पहिल्या दोन वर्षांत ती बारीक झाली, मग तशीच राहिली. एकदा मनगटाला फडकं होतं, विचारलं तर तव्याचा चटका म्हणाली. अम्मा तिला न्हाणीत नेऊन काहीतरी विचारायची आणि बाहेर येऊन दिवसभर कुणाशी बोलायची नाही. दोन मुली झाल्या. अब्बा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, बघा, लागला ना संसार. ते त्याच समाधानात गेले. काझीसाहेबांनी मला पुढं कधी गवाह म्हणून बसवलं नाही. गावात निकाह व्हायचे, घरची माणसं माझं नाव सुचवायची, ते दुसरं नाव सांगायचे. सलामाला मात्र उत्तर द्यायचे, पूर्ण उत्तर द्यायचे, आणि त्यांनी ते टाळलं असतं तरी मला चाललं असतं.

बारा वर्षांनी नियाज टेम्पोतून ती गादी घेऊन आला. इतक्या वर्षांत ती एकदाही पिंजायला आली नव्हती. तो आता अंगानं सुटला होता, कमरेला हात लावून टेम्पोतून उतरला. मी त्याला दुकानाबाहेर खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गादी आत घेऊन खोळ उसवायला लागलो.

वापरलेल्या गादीचा कापूस कसा होतो ते मी हजार वेळा पाहिलंय. गुठळ्या होतात, घामानं पिवळा पडतो, पाठीच्या आणि कमरेच्या जागी खळगा पडतो. कोण कसं झोपतं, कोण आजारी होतं, कुणाची पोरं गादी ओली करतात, हे सगळं मला खोळ उसवली की कळतं. लोकांना ते ठाऊक नसतं, नाहीतर त्यांनी गाद्या दिल्या नसत्या.

नियाजच्या बाजूला कापूस दबून घट्ट झाला होता. तो काढायला मला लोखंडी आकडा लावावा लागला. मग मी हिरव्या दोऱ्याची बाजू उसवली. टाके जसेच्या तसे होते, दोरा नुसता विटला होता. आत पहिल्या वेचणीचा कापूस मी भरला तसाच होता. थोडा बसलेला, पण पांढरा. बोट खुपसलं तर आत गेलं. त्या बाजूला कुणी झोपलं नव्हतं. एक महिना नाही, एक वर्ष नाही, कधीच नाही.

मी त्या गादीवर झोपणार नाही, असं ती म्हणाली होती, चहाचा कप ठेवता ठेवता. याच जागी. बारा वर्षं ती जमिनीवर झोपत होती. तिनं स्वतः अंग टाकलं होतं की त्यानं तिला खाली ढकललं होतं, हे कापूस सांगत नाही. त्यासाठी तिनं काय काय सोसलं असेल, तेही नाही. दोन मुली झाल्या त्या कशा झाल्या असतील हे मनात आलं आणि मी तिथंच कापसात खाली बसलो. जबान जबान म्हणत आमच्या घरातले पुरुष जगले. पाळली ती फक्त तिनं.

"काय निघालं?" नियाजनं बाहेरून विचारलं.

माझ्या हातात दाभण होतं. मी दारापर्यंत आलो. तो बशीत चहा ओतून फुंकर घालत होता.

"एका अंगाला बसलीय," तो म्हणाला. "माझ्या पाठीला त्रास होतोय. भरताना कच्चं काम झालं असणार तुमचं, भाईसाहेब." आणि हसला. "सगळी सारखी करून द्या."

मी विचारलं, "खैरून कशी आहे?"

"बरी आहे."

त्या वेळी तिथं मांडव नव्हता, पाटील नव्हते, व्यापारी नव्हते. अब्बा कबरीत होते. कर्णाही नव्हता. आम्ही दोघंच होतो, आणि आत जमिनीवर तिचा शब्द दोन ढिगांत वेगवेगळा पडला होता, मला नुसतं नियाजला आत बोलावून बोट दाखवायचं होतं. विचारायचं होतं की माझी बहीण कुठं झोपते.

मी म्हणालो, "कापूस चांगला आहे. करून देतो सारखी."

मग मी यंत्र चालू केलं आणि दोन्ही बाजूंचा कापूस एकत्र घातला. पिवळा आणि पांढरा दोन्ही पिंजून बाहेर यायला लागला. दुपारपर्यंत कुठला कुणाच्या बाजूचा हे मलाही सांगता आलं नसतं. नवी खोळ भरली, काठीनं झोडून सपाट केली आणि टाके घालायला बसलो. हिरव्या दोऱ्याचं रीळ फळीवर होतं. मी सगळीकडे पांढराच दोरा घातला.